डबा चढा लागतोय

बाबा सकाळी तानपुरा घेऊन बसतात ती खोली आणि माझी कामाची खोली यांच्यामध्ये एक जुनं सागवानी दार आहे. पावसाळ्यात ते फुगतं आणि पार दिवाळीपर्यंत नीट लागत नाही. त्या सकाळी ते असंच चार बोटं उघडं होतं आणि कॉम्प्युटरवर रात्री लावलेलं माझं रेंडर, म्हणजे मॉडेलवरून चित्रं तयार करायचं काम, अजून संपायचं होतं. कुपवाड रस्त्याकडच्या एका बिल्डरला आपली न बांधलेली इमारत गिऱ्हाइकांना आतून फिरवून दाखवायची होती, त्याचा वॉकथ्रू. पलीकडे बाबांनी जोडीच्या तारा जुळवायला घेतल्या. एरवी हे काम चहा निवायच्या आत उरकतं. त्या दिवशी खुंटी पिळणं, तार छेडणं, थांबणं, पुन्हा पिळणं असं बराच वेळ चाललं. मग फटीतून डोकं आत आलं. "तुझा डबा चढा लागतोय गं." मला वाटलं आवाज मोठा येतोय म्हणतायत, म्हणून दार रेटायला उठले. "मोठा नाही म्हणत मी. चढा," एवढंच बोलून ते तानपुरा उचलून माजघरात गेले.

आवाज मोठा आहे ही तक्रार माझ्या अंगवळणी पडलेली. आई करते, वहिनी करते, फोनवरचे आर्किटेक्ट करतात. पण चढा? दिवसभर ते डोक्यातून जाईना. शेवटी संध्याकाळी फोनवर सूर मोजायचं ॲप उघडलं आणि फोन त्या डब्याला, म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला, टेकवला. पुढचा पंखा मिनिटाला 1200 फेरे घेत होता. त्याला पाती सात. एका फेऱ्यात सात वेळा हवा कापली जाते, म्हणजे सेकंदाला 140 वेळा. बाबांची पट्टी काळी एक, तिचा षड्ज सेकंदाला साधारण 138.6 कंपनांचा. जेमतेम दीड कंपनाचा फरक. एवढा फरक कानाला दोन सुरांसारखा ऐकू येत नाही, तो लाटेसारखा येतो: घूं... ऊं... घूं, सेकंदाला दीडेक वेळा. जोडीच्या दोन तारा जुळवताना नेमकी हीच लाट ऐकायची असते, आणि तारा एकमेकींना मिळाल्या की ती विरते. बाबा तार जागेवर आणत होते आणि लाट हटत नव्हती, कारण ती तारांची नव्हतीच.

मला याची गंमत वाटली आणि थोडी लाजही. इतकी वर्षं त्या डब्याशेजारी बसून काम करते, पण मला त्यातून फक्त आवाज ऐकू येत होता. बाबांना सूर ऐकू आला.

पंख्याचा वेग मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतो. मी तो 1190 वर आणून ठेवला. काळी एक. (1120 वर ठेवला असता तर पांढरी एक लागली असती, हेही तेव्हाच कागदावर करून पाहिलं. अशा वेळी माणसाला काहीही सुचतं.) बाबांना सांगितलं नाही. सकाळी कान देऊन बसले. लाट खरंच गेली होती, पण थोडाच वेळ. मग रेंडरमध्ये काचेच्या खिडक्यांचा भाग आला, आतलं तापमान वाढलं आणि पंखा 1300 वर पोचला. म्हणजे षड्ज सोडून कोमल आणि शुद्ध ऋषभाच्या मधे कुठंतरी. बाबांचा आलाप थांबला. मी निमूटपणे रेंडर थांबवलं.

खरा प्रश्न असा होता की त्या पंख्याला एवढं पळावं का लागत होतं. माझ्या कॅबिनेटचं तोंड बंद होतं. समोर गुळगुळीत काळं प्लॅस्टिक आणि हवेला वाट म्हणून दोन्ही कडांना बोटभर फटी. ग्राफिक्स कार्ड एकटं 300 वॅट खातं, बाकीचं धरून सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास जातं. रात्रभर दहा तास चाललं तर साडेचार युनिट. ती वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. कॅबिनेट काही थंड करत नाही, आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत एवढंच त्याचं काम. बाहेर मे महिन्यातली सांगली असेल, पारा चाळिशीला टेकलेला असेल, तर आत तीच हवा जाणार. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की आपणहून वेग कमी करतो, जळत नाही. पण मग ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच मिळत नाही. आणि पंख्यांचं गणित विचित्र आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलनं उतरतो आणि वीज आठव्या हिश्शावर येते. म्हणजे मोठे पंखे सावकाश फिरवायचे आणि त्यांच्या वाटेत काही येऊ द्यायचं नाही. मला नवं कॅबिनेट लागणार होतं.

दुकानात गेले तेव्हा हे सगळं मला पाठ होतं, आणि आत पाऊल टाकल्यावर मी ते विसरले. भिंतभर काच. समोर काच, बाजूला काच, कोपऱ्यात खांबसुद्धा नाही, आत रंग बदलणारे पंखे, केबल कुठंतरी पाठीमागं दडवलेल्या. याला दुकानातली पोरं फिशटँक म्हणतात. तैवानच्या लियान लीचं ओ-इलेव्हन डायनॅमिक 2018 मध्ये आलं आणि त्यानंतर हा प्रकार जो पसरला तो पसरला. पुतण्या बरोबर होता. तो एका कॅबिनेटसमोरून हलेना. "आत्या, हे घे ना, लाइटवालं." मी त्याला समोरून हवा जात नाही वगैरे सांगत होते आणि सांगता सांगता माझाच डोळा तिकडं जात होता. आमच्या घरात मोलाची कुठलीही वस्तू कायम झाकलेली असते. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, बाबांच्या तानपुऱ्याला खादीची गवसणी, पाहुण्यांचे कप कपाटात. अशा घरातल्या बाईला आतलं सगळं उघडं दाखवणारी वस्तू हवीशी वाटली, तर त्यात नवल काय? मी बराच वेळ तिथं उभी होते. किंमत विचारली. मग फोनमधली माझ्या कार्डाची लांबी दुकानदाराला दाखवली आणि भानावर आले.

लांबी 336 मिलिमीटर. कॅबिनेटच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की इतक्या लांबीचं कार्ड बसतं, पण पुढं पाण्याचा रेडिएटर लावलात तर त्यातून 27 वजा करायचे आणि त्याच्या पंख्याचे आणखी 25, हे छोट्या अक्षरांत असतं किंवा नसतंच. तसंच प्रोसेसरवरच्या कूलरच्या उंचीचं. चांगला टॉवर कूलर 160 ते 165 मिलिमीटर भरतो, आणि अरुंद कॅबिनेटात दार त्याच्या डोक्याला लागतं. नव्या कार्डांच्या बारीक पिनांच्या पॉवर केबलला तर प्लगपासून 35 मिलिमीटरपर्यंत वाकवू नका असं सांगतात. कार्ड उभं राहिलं, केबल बाजूला निघाली आणि समोर काच आली, तर ती जागा उरते कुठं? दुकानदार शहाणा माणूस होता. त्यानं टेप काढून दिली आणि म्हणाला, "तुम्हीच मापून बघा ताई. परत आणून दिलेली दोन माझ्याकडं पडून आहेत."

घरी येऊन माळ्यावर चढले. आमचा पहिला कॉम्प्युटर बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला होता. त्याचं कॅबिनेट आईनं टाकू दिलं नव्हतं. पिवळट पडलेलं, एका कुशीत पोचा आलेलं, आत माणकाएवढे कोळी. सहज म्हणून जुन्या मशीनचा मदरबोर्ड त्यात धरून पाहिला आणि भोकं जुळली. बोर्ड उचलून धरणारे तेच पितळी खुंट, म्हणजे स्टँडऑफ, तीच जागा. इंटेलनं एटीएक्स हा बोर्डांच्या मापांचा आराखडा 1995 मध्ये आणला, पूर्ण आकाराचा बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सॉकेट सगळं कितीदा बदललं तरी ही भोकं हलली नाहीत. क्षणभर वाटलं, यातच बसवावं. पण पुढं फ्लॉपी आणि सीडीचे कप्पे, त्यांच्यामागं कार्डाला जागा अर्धी, आणि हवेला मागच्या बाजूला 80 मिलिमीटरचं एकच तोंड. त्या काळी तेवढ्यानं भागायचं. परत माळ्यावर ठेवून दिलं. आईनं विचारलं, "काढतेयस ना ते आता?" आणि मी नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं.

पण त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की झाली. या सगळ्या पसाऱ्यात न जुनं होणारी वस्तू तेवढी एकच आहे. कार्ड चार वर्षांत मागं पडणार, बोर्डाचं सॉकेट बदलणार. डबा राहणार. लोक मात्र कार्डावर, प्रोसेसरवर सगळे पैसे घालून उरलेल्या हजार-दोन हजारांत डबा घेतात. बिल्डर मंडळींचं पायाबद्दल असंच असतं, पण तो विषय वेगळा आणि माझं पोट त्यावर आहे.

मधे तानपुऱ्याची जवारी काढायची, म्हणजे घोडी घासून तारांचा झणकार नीट करायचा म्हणून बाबांबरोबर मिरजेला गेले. तिथल्या त्या गल्लीत शिरलं की आधी लाकडाच्या भुशाचा वास येतो, मग लाखेचा, मग कुठल्यातरी माडीवरून एकच तार पुन्हा पुन्हा. हा धंदा इथं एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झाला असं सांगतात. ते मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमचे कारागीर घोडीवर कानस फिरवत होते, दोन फेऱ्या मारायच्या, दोरा सरकवून तार छेडून बघायची, पुन्हा दोन फेऱ्या. बाबांनी त्यांना माझ्या डब्याची गोष्ट रंगवून सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पत्रा किती जाडीचा?" मला सांगता येईना. मग त्यांनी शेजारचा एक भोपळा उचलला, पंढरपूरकडून आलेला, अजून न कापलेला, आणि बोटाच्या पेरानं वाजवला. पातळ सालीचा लगेच बोलतो, जाड सालीचा दाबून धरतो. आम्हाला बोलणारा हवा असतो, म्हणाले, तुम्हाला गप्प राहणारा हवा. पंखा तेवढाच गुणगुणतो, पण पातळ पत्रा त्याला साथ देतो.

हे मला कुठल्या रिव्ह्यूत इतकं स्वच्छ मिळालं नव्हतं. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्धा मिलिमीटर असतो, चांगल्याचा 0.7-0.8. ऐकायला फरक केसाचा, पण पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तेवढ्यानं कंप पावणं बरंच कमी होतं. दाराच्या आतून फोम नाहीतर डांबरी शीट चिकटवलेली मिळते, तिचाही उपयोग हाच. मात्र बंद तोंडाच्या, आतून अस्तर लावलेल्या शांत कॅबिनेटात हवा कमी जाते आणि पंख्याला पुन्हा पळावं लागतं. सांगलीच्या उन्हाळ्यात ते परवडत नाही. म्हणून तोंड जाळीचं आणि अंग जाड, असं काहीतरी हवं होतं.

जाळी म्हटलं की धूळ आली. ऊस तुटायला लागला की आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे काळे कण येऊन बसतात, झटकले तर पसरतात. त्यात पाचट पेटवतात त्याची राख. तेच कण पंखा ओढून घेतो. मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या कॅबिनेटची जाळी मी काढली होती, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत. बादलीतलं पाणी पिवळं झालं. तिला काही वाटलं नाही, मला मात्र तो फोटो काढून ठेवावासा वाटला. यावर उपाय एवढाच की आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवायची. पुढं 140 मिलिमीटरचे दोन पंखे आत ओढणारे, मागं 120 चा एकच बाहेर फेकणारा. जास्तीची हवा सगळ्या फटींतून बाहेर निसटते, म्हणून धूळ फटींतून आत येत नाही. ती फक्त पुढच्या जाळीतून येते, आणि ती जाळी काढून नळाखाली धरता येते. उलट केलं, म्हणजे बाहेर फेकणारे पंखे जास्त ठेवले, की प्रत्येक भोक धूळ पिऊ लागतं.

आणि वजन.

सांगलीत नदीकाठच्या गावभागातल्या माणसाला वस्तू घेताना हा प्रश्न पडतोच, बाहेरच्याला तो विनोदी वाटेल. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 45 ची. आमच्याकडं पाणी जोत्याला लागलं तेव्हा वर काय आधी न्यायचं यावर वाद झाला नाही. बाबांनी तानपुरा उचलला, आईनं देव आणि कागदपत्रांची पिशवी, दादानं सिलिंडर. मी कॅबिनेट मिठीत धरून जिना चढत होते. दिवे गेलेले, जिन्याला कठडा एकाच बाजूला, आणि काखेत पत्र्याची कड रुतत होती. नुसतं कॅबिनेट आठेक किलोचं असतं, भरलं की पंधराच्या पुढं जातं. काच असेल तर दोनेक किलो आणखी, आणि ती पायरीवर टेकली तर सगळ्या जिनाभर काचा. म्हणून मी दुकानदाराला प्रत्येक कॅबिनेटबद्दल विचारलं की हे धरायचं कुठं. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. मग म्हणाला, "पुराचं म्हणताय होय. आमच्या घरात बी आलतं की."

दुसऱ्या खेपेला बाबांना घेऊन गेले. ते चष्मा कपाळावर सरकवून एकेका कॅबिनेटजवळ जायचे, पेर वळवून कुशीवर वाजवायचे आणि मान हलवायचे. फिशटँक वाजवला, एक नुसतं नाराजीचं हुं. एक स्वस्तातलं वाजवलं तर ते टण्णकन इतकं वाजलं की पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. दुकानदार हसला, "काका, मडकं घ्यायला आलाय का?" बाबा म्हणाले, "तेच समज." लाकडी पट्ट्यांचं तोंड असलेलं एक मला फोनवर दाखवायचं होतं, स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनचं नॉर्थ, 2022 मध्ये आलेलं. अक्रोडाचं लाकूड, त्यामागं जाळी. फोटो पाहून बाबांचा चेहरा उजळला, किंमत ऐकून पूर्ववत झाला, आणि ते पुण्याहून मागवायचं म्हणजे वाजवून घेता येणार नव्हतं. शेवटी एक साधं, काळं, जाळीच्या तोंडाचं निवडलं. बाबांनी वाजवलं, ठप्प. "हे गप्प बसेल." मला दोन्ही बाजूंना पत्रा हवा होता. तसं आता फारसं मिळत नाही म्हणे, बहुतेकांना एका बाजूला काच येतेच. पुतण्यानं माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. मी विचारलं, काच काढता येते का? दोन स्क्रू हातानं फिरवले की निघते. मग चालेल म्हटलं, जिन्यावरून नेताना काढून ठेवता येईल.

जोडणी मी रविवारी केली, पुतण्यानं स्क्रू वाट्यांमध्ये वेगळे लावून दिले. नव्या डब्यात पंखे 700 वर निवांत फिरतात, त्याच कामाला, त्याच रेंडरला. सात पात्यांचे 700 फेरे म्हणजे 82 च्या आसपास, म्हणजे बाबांच्या पट्टीत खर्जातला कोमल गंधार. त्यांना मुद्दाम सांगितलं. ते दारात उभे राहिले, डोळे मिटून ऐकलं. खूप वेळानं म्हणाले, "तोडीला चालतंय. भैरवाला बंद ठेव."

हे इथं मिटलं असतं. पण पंख्यांची घरघर गेल्यावर तिच्याखाली दबलेलं एक दुसरंच काही वर आलंय. पुतण्या म्हणाला, "आत्या, तुझा कॉम्प्युटर शिट्टी मारतोय." मी कान लावला तर खरंच, अगदी वरच्या पट्टीतली चिरकी कुरकुर, मॉडेल स्क्रीनवर फिरवलं की चढते, थांबवलं की बंद. कार्डावरच्या कॉइलमधून वीज जाताना त्या कंप पावतात, त्याचा हा आवाज. कॅबिनेटचा यात दोष नाही, वॉरंटीतही बहुतेक बसत नाही. फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर उमटणारी चित्रं, सेकंदाला 60 वर बांधून टाकली की शिट्टी बरीच कमी होते. बाबांना बोलावलं. त्यांनी कार्डापाशी कान नेला, सावकाश मान हलवली, "कसली शिट्टी? छान गप्प आहे की." सत्तरी ओलांडलेल्या कानांना इतके वरचे सूर पोचत नाहीत. ज्या माणसानं दीड कंपनाचा फरक भिंतीपलीकडून पकडला, त्याला हे ऐकूच येत नाही, आणि मी ते त्यांना दोनदा समजावून मग सोडून दिलं. सध्या या शिट्टीची परीक्षा पुतण्याकडं आहे. मी एकेक सेटिंग बदलते, तो हात वर करून आली-गेली सांगतो, आणि दर वेळी भडंगाची एक पुडी वसूल करतो. काल त्यानं हात खूप वेळ वरच ठेवला होता. शिट्टी होती की पुडी हवी होती, मला नक्की सांगता येणार नाही.